बुद्धिबळ स्पर्धांची गोष्ट १८८६ पासून नव्हे, १८५१ पासून

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

नागपूरच्या दिव्या देशमुखने २०२५ मध्ये बाटुमी येथे महिलांचा विश्वचषक जिंकल्यानंतर वृत्तपत्रांच्या क्रीडा पानांवर बुद्धिबळाला पूर्वीपेक्षा अधिक जागा मिळू लागली आहे आणि आपले दैनिकही त्यात मागे नाही, याचा माझ्यासारख्या वाचकाला मनापासून आनंद आहे. त्या निमित्ताने खेळाचा इतिहास सांगणारे लेखही छापून येतात. मात्र हे लेख बहुधा चतुरंग या प्राचीन भारतीय खेळापासून निघतात आणि एकदम १८८६ मधील स्टाइनिट्झ आणि झुकरटोर्ट यांच्या पहिल्या अधिकृत जगज्जेतेपदाच्या सामन्यावर येऊन पोहोचतात. त्याआधीची, १८५१ पासूनची पस्तीस वर्षे गळून जातात. आज आपण ज्याला स्पर्धा म्हणतो ती पद्धत याच वर्षांत, आणि मुख्यतः युरोपातील जागतिक प्रदर्शनांच्या आश्रयाने घडली. ही उणीव आपल्या नजरेस आणून द्यावी, एवढ्यासाठीच हे पत्र लिहीत आहे.

१ मे १८५१ रोजी लंडनच्या हाइड पार्कमध्ये, काच आणि लोखंड यांच्या प्रचंड इमारतीत, सर्व राष्ट्रांच्या उद्योगांचे प्रदर्शन सुरू झाले. ऑक्टोबरच्या मध्यापर्यंत ते चालले आणि साठ लाखांहून अधिक भेटींची तेथे नोंद झाली. इंग्लंडचा त्या काळातील अग्रगण्य बुद्धिबळपटू हॉवर्ड स्टाँटन याने ही संधी अचूक हेरली. आगगाड्या आणि आगबोटी यांमुळे युरोपभरचे लोक लंडनला येणारच होते. मग निरनिराळ्या देशांतील नामांकित खेळाडूंनाही त्याच वेळी बोलावून जगातील पहिली आंतरराष्ट्रीय स्पर्धा का भरवू नये, असा त्याचा विचार होता. वर्गणीतून बक्षिसांचा निधी उभा राहिला. खेळ प्रत्यक्ष प्रदर्शनाच्या इमारतीत झाला नाही, तर सेंट जॉर्जेस क्लबच्या दालनांत झाला. लंडनमधल्याच दुसऱ्या मोठ्या क्लबने मात्र या आयोजनापासून फटकून राहून स्वतःची वेगळी स्पर्धा भरवली, हेही येथे नमूद केले पाहिजे.

सोळा खेळाडू, बाद पद्धत आणि चिठ्ठ्या टाकून ठरवलेल्या जोड्या, असे या स्पर्धेचे स्वरूप होते. मानांकनाची कल्पनाच नव्हती. त्यामुळे ब्रेस्लाऊचा गणितशिक्षक अँडरसन आणि पॅरिसहून आलेला कीझेरित्स्की या दोन बलाढ्य खेळाडूंची गाठ पहिल्याच फेरीत पडली आणि कीझेरित्स्कीला लगेच बाहेर जावे लागले. पहिल्या फेरीत तीनच डावांची लढत होती आणि बरोबरीत सुटलेला डाव हिशेबात धरला जात नसे. चालीसाठी वेळेचे कोणतेही बंधन नव्हते. काही खेळाडू एकेका चालीवर इतका वेळ घेत, की समोरचा माणूस खेळापेक्षा थकव्यानेच हरावा. स्वतः स्टाँटनने एलिजा विल्यम्सच्या संथपणाबद्दल कडवट तक्रार केली. उपांत्य फेरीत अँडरसनने स्टाँटनचा चार विरुद्ध एक असा पराभव केला आणि अंतिम लढतीत ब्रिटिश संसदेचा सदस्य असलेल्या मार्मड्यूक विव्हिलवर मात करून पहिले बक्षीस मिळवले. ज्याने स्पर्धा उभी केली तो चौथ्या क्रमांकावर राहिला. तरीही स्टाँटनने स्पर्धेतील डावांचे पुस्तक पुढच्याच वर्षी प्रसिद्ध केले, हे त्याचे ऋण मी विसरू शकत नाही, कारण त्या नोंदीवाचून यातले बरेचसे आपल्या हाती राहिलेच नसते.

याच दिवसांत, २१ जून १८५१ रोजी, लंडनच्या स्ट्रँड रस्त्यावरील सिम्पसन्स डिव्हॅन या कॉफीगृहात अँडरसन आणि कीझेरित्स्की यांनी एक मैत्रीपूर्ण डाव खेळला. अँडरसनने त्यात एक उंट, दोन्ही हत्ती आणि शेवटी वजीरही देऊन टाकला आणि तेविसाव्या चालीला उरलेला उंट आणि दोन घोडे यांच्या साहाय्याने मात दिली. प्रतिस्पर्ध्याची जवळजवळ सगळी मोहरी पटावर तशीच उभी होती. हा ‘अमर डाव’ प्रथम छापला तो खुद्द हरलेल्या कीझेरित्स्कीने, आपल्या मासिकात. असा उमदेपणा आजच्या मुलांना आवर्जून सांगावा असे मला वाटते.

स्टाँटनचा आणखी एक हेतू होता. देशोदेशींच्या खेळाडूंनी एकत्र बसून खेळाचे नियम एकसारखे करावेत, अशी त्याची इच्छा होती; ती १८५१ मध्ये पुरी झाली नाही. त्या प्रश्नाचे महत्त्व मराठी वाचकाला वेगळे समजावून सांगण्याची गरज नाही. आपल्याकडे देशी पद्धतीत प्यादे एकाच घराने पुढे जाई आणि राजाला डावात एकदा घोड्याची अडीच घरांची उडी मारता येई. १८१४ मध्ये मुंबईत प्रसिद्ध झालेले त्रिवेंगडाचार्य शास्त्री यांचे बुद्धिबळावरील पुस्तकसुद्धा युरोपीय पद्धतीच्या खेळाशी जुळवून घेऊनच तयार केलेले होते.

पुढील प्रदर्शनांनी पहिल्या स्पर्धेतील एकेक दोष हाती घेतला. १८६२ च्या लंडन प्रदर्शनाच्या वेळी बाद पद्धत सोडून प्रत्येकाने प्रत्येकाशी खेळण्याची साखळी पद्धत आली आणि वेळ मोजण्यासाठी वाळूची घड्याळे पटाशेजारी ठेवली गेली. बरोबरीचा डाव पुन्हा खेळावा लागे, त्यामुळे स्पर्धा लांबत गेली. अँडरसन तेथेही पहिला आला आणि तरुण स्टाइनिट्झ सहावा. १८६७ च्या पॅरिस प्रदर्शनात कोलिश, विनावेर आणि स्टाइनिट्झ हे पहिले तिघे होते आणि बरोबरीला कोणालाच गुण नव्हता! दोन तुल्यबळ खेळाडूंनी तासन् तास झुंजून काहीच पदरात पडू नये, हे किती अन्यायाचे होते याची जाणीव होऊन पुढे अर्धा गुण रूढ झाला. १८७८ च्या पॅरिस स्पर्धेत तो दिला जात होता. दोन बाजूंची दोन घड्याळे जोडलेले यंत्र मात्र प्रदर्शनाशी संबंध नसलेल्या लंडनच्या १८८३ च्या स्पर्धेत आले.

व्हिएन्नाच्या १८७३ च्या प्रदर्शनाचा उल्लेख स्वतंत्रपणे केला पाहिजे. प्रदर्शन सुरू होऊन आठवडा उलटतो न उलटतो तोच तेथील शेअर बाजार कोसळला, आणि त्याच उन्हाळ्यात शहरात कॉलराची साथ होती. तरीही बारा खेळाडूंची स्पर्धा पार पडली. स्टाइनिट्झने अखेरचे चौदा डाव ओळीने जिंकून आघाडीवरच्या इंग्लिश खेळाडू ब्लॅकबर्नला गुणांत गाठले आणि निर्णायक लढतीतले दोन्ही डावही घेतले. हल्ल्यासाठी मोहरी उधळण्याऐवजी पटावरील लहान लहान फायदे साठवत जाण्याची त्याची शैली येथूनच लोकांच्या नजरेत भरली, आणि आधुनिक बुद्धिबळाचा आरंभ शोधायचा तर मी तो येथे मानतो.

पॅरिसची १८७८ ची स्पर्धा झुकरटोर्टने विनावेरशी बरोबरी झाल्यावर निर्णायक लढतीत जिंकली. म्हणजे १८८६ मध्ये जगज्जेतेपदासाठी समोरासमोर बसलेले दोघेही अशाच प्रदर्शन-स्पर्धांचे विजेते होते. १९०० च्या पॅरिस प्रदर्शनाच्या वेळची स्पर्धा तत्कालीन जगज्जेता लास्करने जिंकली, आणि त्यात तो एकच डाव हरला, तोही तरुण मार्शलकडून.

माझी विनंती एवढीच आहे, की आपल्या बुद्धिबळविषयक मजकुरात आठवड्याला एक जुना डाव, पटाच्या आकृतीसह आणि स्पर्धेच्या चार ओळींच्या माहितीसह द्यावा. आरंभ अँडरसनच्या उपर्युक्त डावाने करता येईल, आणि त्यानंतर व्हिएन्नातील स्टाइनिट्झ–ब्लॅकबर्न निर्णायक लढतीचे दोन डाव घ्यावेत. या डावांच्या चालींच्या नोंदी आज सहज मिळतात.

आपला नम्र,
एक बुद्धिबळप्रेमी वाचक, सांगली