विषय : केस डेप्थ कमी देऊन पूर्ण बिल लावल्याबाबत तक्रार

प्रति,
व्यवस्थापक, हीट ट्रीटमेंट विभाग

ईएन ३५३ या पोलादाच्या पिनांना ग्राइंडिंगपूर्वी १.० ते १.२ मि.मी. केस डेप्थ, म्हणजे भट्टीत कार्बन शिरवून कडक केलेल्या वरच्या थराची खोली, हवी, असं ड्रॉइंगवर लिहिलं होतं आणि चलनावरही. तुमच्या रिपोर्टमध्ये '६० एचआरसी, ओके' एवढंच, म्हणजे फक्त वरचा कडकपणा. केस डेप्थचा रकाना कोरा.

पिना साखर कारखान्याच्या केन कॅरिअरच्या चेनमध्ये बसल्या. ऐन गळितात झिजून त्यांना खोबणी पडल्या, चेन लांबली, कॅरिअर थांबला. गव्हाणीपुढं उसाच्या गाड्या तटल्या आणि बोलणी मी खाल्ली.

त्याच लॉटमधली न वापरलेली पिन कापली, पॉलिश करून कडक थर दिसावा म्हणून नायटल हे आम्लाचं द्रावण लावलं. कडेची काळपट कडी जेमतेम ०.४ मि.मी. भरली. त्यातले ०.२ ग्राइंडिंगला गेल्यावर उरलं काय? आतला भाग धक्का सोसायला चिवटच ठेवायचा असतो. झीज सोसायची ती या कडीनं.

काल हे सगळं तुमच्या क्वालिटीच्या माणसाला फोनवर सांगितलं. म्हणाला, "हार्डनेस साठ आहे न्हवं, मग झालं की. कारखान्याला ग्रीस मारायला सांगा." मी म्हटलं, केस डेप्थचं बोला. तर म्हणतो, "अहो, पिन बाहेरूनच झिजती की. आतली खोली कशाला मोजताय?" हीट ट्रीटमेंटच्या कंपनीतला क्वालिटीचा माणूस हे बोलतो! तरी राग गिळून विचारलं, तुम्ही एक तरी पिन कापून बघितली का? "प्रत्येकाची पिन कापत बसलो तर भट्टी कधी चालवायची?" आणि फोन ठेवला.

भट्टी कशी चालवली, तेच तर विचारतोय. ९२५ अंशांच्या आसपासही कार्बन पोलादात सावकाशच शिरतो. खोली दुप्पट हवी तर वेळ जवळपास चौपट द्यावा लागतो. तो वेळ तुम्ही वाचवलात, बिल मात्र पूर्ण लावलंत. आणि तुमच्याकडं पिन कुणी कापून बघितलीच नाही, हे पुन्हा लिहितोय, कारण फोनवर ते कुणाच्या कानात शिरलं नाही.

त्या लॉटचा भट्टीचा चार्ट आणि टेस्ट पीस आठ दिवसांत पाठवा. माझ्यासमोर पिन कापून ५५० एचव्हीपर्यंतची खोली, म्हणजे कडेपासून कडकपणा तेवढा उतरेपर्यंतचं अंतर, मोजा. नाहीतर मटेरिअल आणि मशिनिंगसकट डेबिट नोट लावीन आणि पुढचं जॉबवर्क कोल्हापूरला टाकीन. वडिलांच्या काळापासून माल तुमच्याकडंच येत होता, म्हणून हे जास्त लागलं.

खराब माल न्यायला गाडी तुम्ही पाठवायची आहे. भाडं मी देणार नाही.

— एक वर्कशॉप मालक, उद्यमबाग, बेळगाव