‘आज शहरात’मध्ये दोन ओळींची जागा द्या

माननीय संपादक,
स. न. वि. वि.

३१ डिसेंबरला परमिट रूम पहाटे किती वाजेपर्यंत उघडी राहणार, हे तुमच्या पेपरात चौकट करून येतं. ड्राय डे कधी, तेही येतं. गटारीला मटणाच्या दुकानासमोरच्या रांगेचा फोटो असतो. येऊ देत, बातमी आहे ती. पण ज्याला दारू सोडायची आहे त्याने आज संध्याकाळी कुठे जाऊन बसायचं, हे मी आजवर छापलेलं पाहिलं नाही. ‘आज शहरात’ या सदरात कीर्तन, व्याख्यान, पुस्तक प्रकाशन सगळं असतं. त्यातच दारू सोडू पाहणारे एकत्र बसून बोलतात त्या अल्कोहोलिक्स ॲनॉनिमसच्या, म्हणजे ए.ए.च्या मीटिंगाही द्याव्यात, एवढ्यासाठी हे पत्र.

आम्ही टिटवाळ्याला राहतो. माझे मिस्टर अंबरनाथला एमआयडीसीत फिटर आहेत. घरात काय काय झालं ते लिहीत नाही. ज्यांच्या घरी हे आहे त्यांना सांगायला नको, आणि बाकीच्यांची करमणूक कशाला. सासऱ्यांनी पंढरपूरला नेऊन माळ घातली. माळेने आमच्या गावातल्या काहींची कायमची सुटली आहे, त्यांना मी हात जोडते. यांची आषाढीपासून दिवाळीपर्यंत टिकली. पुढे एकदा घरीच एकदम बंद केली, तर हात थरथरायला लागले, भिंतीवर मुंग्या दिसायला लागल्या आणि फिट आली. रोज पिणाऱ्याने डॉक्टरांना न विचारता अशी एका झटक्यात तोडू नये, जिवावर बेततं, हे सरकारी दवाखान्यात दाखल केल्यावर कळलं.

तिथल्या वॉर्डातल्या मावशींनी औषधाच्या चिठ्ठीमागे ए.ए.चा एक फोन नंबर लिहून दिला. त्यांच्या भावाची सुटली होती म्हणून त्यांच्याकडे तो होता. त्या दिवशी ड्युटीवर दुसऱ्या मावशी असत्या तर? मला राहून राहून हेच वाटतं.

फोनवर मी सगळी कहाणी सुरू केली. पलीकडचे गृहस्थ म्हणाले, “ताई, त्यांना स्वतःला सोडायची आहे का? असेल तर त्यांच्याकडेच द्या फोन.” मला राग आला, पण दिला. घरी सोडल्यावर दोघं जण भेटायला आले. असे जाताना ते शक्यतो जोडीनेच जातात. एक रिक्षा चालवणारे, दुसरे बँकेतून रिटायर झालेले. उपदेशाचा एक शब्द नाही. रिक्षावाले दादा म्हणाले, “मी पोरीच्या शाळेची फी प्यायलोय.” मिस्टर मान वर करून ऐकत होते. आम्ही इतकी वर्षं बोलत होतो, तेव्हा ते जमिनीकडे बघायचे.

मीटिंग कल्याणला, एका शाळेच्या वर्गात. भिंतीवर पाढे, आणि पोरांच्या बाकांवर गुडघे मुडपून बसलेले मोठाले बाप्ये. क्लोज्ड मीटिंगला फक्त पिणारे बसतात, ओपन असली की घरच्यांनाही बसता येतं. मी बसले त्या दिवशी एक बाईही उठून बोलल्या, नवऱ्याबद्दल नाही, स्वतःच्या पिण्याबद्दल. वर्गात कुणी कुजबुजलं नाही. नाव नोंदवायला रजिस्टर नाही, फी नाही. दारू सोडायची इच्छा, एवढीच अट. १९३५ साली अमेरिकेतल्या ॲक्रन गावी शेअर बाजारातले बिल विल्सन आणि सर्जन डॉ. बॉब स्मिथ, दोघेही पिणारे, एकमेकांशी बोलत बसले आणि त्यातून हे सुरू झालं, असं तिथे कळलं. देवाचं नाव येतं, पण कुणाचा देव ते विचारत नाहीत. ‘फक्त आजचा दिवस’ एवढंच बोलतात. जन्मभराची शपथ घालणाऱ्या आमच्या सासऱ्यांना हे अजून पटलेलं नाही.

शेवटी एक पिशवी फिरते, ज्याने त्याने दहा-वीस रुपये टाकायचे. मिस्टरांचा सोब्रायटीचा, म्हणजे दारू न पिण्याचा, पहिला वाढदिवस झाला तेव्हा मी कौतुकाने एक हजार एक रुपयांचं पाकीट नेलं होतं. ग्रुपवाल्यांनी हसून परत केलं. सभासदांखेरीज कुणाचे पैसे घेत नाहीत म्हणे, मग तो आमदार का असेना. आम्हा घरच्यांची वेगळी मीटिंग, ॲल-ॲनॉन, शेजारच्या वर्गात भरते, तिथे मात्र माझे दहा रुपये चालतात. मिस्टरांच्या पिशव्या तपासणं मी तिथे जायला लागल्यावर सोडलं.

सगळेच टिकतात असं नाही. काही येतात, घसरतात, परत येतात; काही येतच नाहीत. दवाखान्याच्या जागी ही मीटिंग चालत नाही, हेही मला ठाऊक आहे.

याउलट ‘पेशंटच्या नकळत दारू सोडवा’ ही जाहिरात कुठल्याही पेपरात शोधावी लागत नाही. आमच्या जाऊबाईंनी तशी पुडी मागवली होती, वरणात कालवायची म्हणून. मी ती डॉक्टरांना दाखवली. ते म्हणाले, यात काय आहे देव जाणे, पण दारूची ॲलर्जी आणणारं औषध असलं आणि माणूस त्यावर न कळता प्यायला, तर बीपी कोसळून जीवही जाऊ शकतो. पुडी गटारात टाकली.

ए.ए. जाहिरात करत नाही आणि तुमच्याकडे पैसे घेऊन येणार नाही. म्हणून विचारणा तुम्हीच करावी. वार, वेळ, शाळेचं नाव आणि ग्रुपचा फोन, दोन ओळी पुरतात. त्याखाली केंद्र सरकारचा व्यसनमुक्तीचा टोल-फ्री नंबर १४४४६ टाकता येईल. तालुक्याच्या पानांवर तर हे आधी हवं, कारण शहापूर-मुरबाडकडच्या माणसाला सातची मीटिंग संपवून शेवटची एसटी गाठायची असते. जवळची मीटिंग कुठली, हे त्याला घरून निघण्याआधी कळायला हवं.

पेपरात सभासदाचं पूर्ण नाव येऊ नये असा ए.ए.चा दंडक आहे. मी सभासद नाही, पण माझं नाव छापलं तर मिस्टरांचं कळेल. नाव-पत्ता आपल्या माहितीसाठी वेगळ्या कागदावर जोडला आहे.

– एक वाचक, टिटवाळा