दिव्याआधी काटा

प्रिय मित्रा,

सप्रेम नमस्कार.

मीटर बसला. कालपासून कन्सोलमध्ये ऑइल प्रेशरचा काटा आहे, आणि तो खरं बोलतो आहे. बसवायला दोन दिवस पुरले, पण तो खरं बोलतोय की नाही हे कळायला त्याहून जास्त वेळ गेला. ते सगळं तुला फोनवर सांगता आलं असतं, पण तू मध्ये प्रश्न विचारणार आणि माझा क्रम चुकणार. म्हणून बैजवार लिहितो. शिवाय यात तुझाही मोठा वाटा आहे, तो शेवटी कळेलच.

मुळात मीटर हवाच कशाला, हे तू विचारलं होतंस. आपली गाडी बीएमडब्ल्यूचं ‘२००२’ हे मॉडेल, १९७२ सालचं. त्या डॅशबोर्डवर पेट्रोलचा काटा आहे, पाण्याच्या तापमानाचा आहे, पण तेलासाठी फक्त एक दिवा. तो दिवा लावणारा स्विच प्रेशर अर्ध्या बारच्या (बार हे दाबाचं माप) आसपास घसरल्यावर जोडला जातो. म्हणजे हायवेला चार बारवर चालणारं इंजिन काही कारणाने दोन बारवर आलं, दीडवर आलं, तरी दिवा गप्पच. तो पेटतो तेव्हा क्रँकशाफ्ट आणि बेअरिंग यांच्यामधला तेलाचा थर तुटायला आलेला असतो. तू आणि मी ते इंजिन खाली उतरवून बांधलं. प्रत्येक जर्नलवर, म्हणजे शाफ्टच्या बेअरिंगमध्ये फिरणाऱ्या भागावर, प्लॅस्टिगेजची ती गॅप मोजायची बारीक हिरवी तार ठेवून, कॅप आवळून, पुन्हा उघडून, चपटी झालेली तार पट्टीशी लावून तू गॅप मोजत होतास. एका कॅपवर तुझं समाधान झालं नाही म्हणून ती तीनदा उघडलीस. एवढं केल्यावर त्या बेअरिंगांची खबर फक्त शेवटच्या क्षणी बोलणाऱ्या दिव्यावर सोडायला माझं मन तयार होईना.

तुझं म्हणणं होतं की लावायचाच तर यांत्रिक मीटर लाव. मला ते पटतही होतं. यूजीन बूर्दाँने १८४९ साली पेटंट घेतलेली ती वाकडी नळी आजही तशीच आहे: आत दाब वाढला की नळी उलगडायला बघते आणि तिच्या टोकाला जोडलेला काटा फिरतो. ना वायर, ना इंजिनातला दाब विजेने मीटरला कळवणारा सेंडर, ना अर्थची, म्हणजे गाडीच्या बॉडीशी जोडणीची, भानगड. पण त्यासाठी इंजिनातलं गरम तेल एका बारीक नळीतून थेट केबिनमध्ये आणायचं. गिअरच्या दांड्याशेजारी, पायांच्या वर. ती नळी कुठे घासली, किंवा कन्सोलमागचा नट सैल झाला, तर तेल कार्पेटवर आणि पायावर. चाचणीसाठी तो मीटर उत्तम, पण कायमचा केबिनमध्ये मला नको होता. म्हणून इलेक्ट्रिक घेतला. आणि हो, तू सुचवलेला अँमीटर, म्हणजे विजेचा प्रवाह मोजणारा मीटर, मी विचारातूनच काढून टाकला. त्यासाठी बॅटरीचा जवळजवळ सगळा प्रवाह जाड तारेने डॅशबोर्डमागे फिरवून आणावा लागतो, आणि पन्नास वर्षांच्या इन्सुलेशनजवळ फ्यूज नसलेली तसली तार मला नको. बॅटरीची तब्येत पुढे बघायचीच असेल तर व्होल्टमीटर लावू. त्याला दोन बारीक वायरी पुरतात.

आता कन्सोल. इथे आपले मतभेद होते आणि मी माझ्या मनासारखंच केलं, राग मानू नकोस. रेडिओखालची ती मूळ पट्टी मी कापली नाही. तू म्हणालास की भोक मीटरनेच झाकलं जाणार, मग काय बिघडलं? पण पन्नास वर्षं कुणी न कापलेली पट्टी एकदा कापली की ती परत येत नाही. मी ती काढली, पुठ्ठ्यावर ठेवून रेघ मारली, आणि ३ मिमी जाडीच्या एबीएस प्लास्टिकच्या शीटमधून तशीच दुसरी कापून वर काळं दाणेदार रेक्झिन चिकटवलं. मूळ पट्टी जुन्या चादरीत गुंडाळून कपाटावर ठेवली आहे. तिचे चार स्क्रूही तिच्याच पिशवीत आहेत.

भोक पाडायच्या आधी मी एक गोष्ट केली आणि त्याबद्दल मला फार बरं वाटतंय. मीटरच्या मापाचा, ५२ मिमीचा पुठ्ठ्याचा गोल कापून पट्टीच्या बरोबर मधोमध चिकटवला आणि सीटवर बसून नुसता गिअर टाकत राहिलो. न्यूट्रलमध्ये गोल छान दिसत होता. पण पहिला आणि तिसरा गिअर टाकला की दांडा पुढे जातो, आणि त्याची मूठ नेमकी त्या गोलाच्या आड येत होती. तिसऱ्या गिअरमध्ये घाट चढताना, म्हणजे इंजिनावर सगळ्यात जास्त ताण असताना, काटा झाकलेला! गोल ड्रायव्हरच्या बाजूला ३० मिमी सरकवला तेव्हा सगळ्या गिअरमध्ये दिसायला लागला. मधोमध असता तर शोभून दिसला असता, पण मला तो शोभेसाठी नको होता. मागे हीटरचा डबा आहे, तोही मोजला. मीटरची खोली, मागचे टर्मिनल आणि वायरीचं वळण धरून, जागा जेमतेम मिळाली. समोरून कितीही जागा दिसली तरी मागे हात घालून मोजल्याशिवाय ड्रिल हातात घेऊ नये, एवढं मी आता कुणालाही सांगेन.

ड्रिलला लावायची गोल करवत, होल सॉ, ५१ मिमीची मिळाली. मला तीच हवी होती. ५४ ची घेतली असती तर मीटर हलला असता. रेक्झिनवर मास्किंग टेप लावली आणि पहिल्यांदा ड्रिल उलटं फिरवून फक्त रेक्झिन गोल कापून घेतलं. नाही तर दाते ते ओढून फाडतात. मग सरळ, पण अगदी सावकाश. एबीएस तापलं की वितळून दात्यांना चिकटतं. उरलेला एक मिलिमीटर अर्धगोल कानशीने काढला, आणि शेवटी पाइपाच्या तुकड्यावर पॉलिश पेपर गुंडाळून भोक आतून घासलं. दर दहा-बारा हात मारले की मीटर लावून बघायचो. संध्याकाळी तो अंगठ्याच्या दाबाने आत सरकला आणि कडा सगळीकडून पट्टीला टेकली. मागून पट्टीचा क्लँप लावून नट हातानेच आवळले. पाना लावला असता तर शीट वाकली असती.

वायरिंगचं फार सांगत नाही, ते तुला माझ्यापेक्षा चांगलं कळतं. आधी बॅटरीची निगेटिव्ह काढली. या गाड्यांत हिरवी वायर चावीनंतरच्या सप्लायची, करडी दिव्यांची, तपकिरी अर्थची, त्यामुळे शोधाशोध झाली नाही. हिरवीवरचा मूळ फ्यूज ८ अँपिअरचा आहे, माझ्या बारीक वायरीसाठी तो फार मोठा, म्हणून मध्ये २ अँपिअरचा वेगळा घातला. मीटरमधला छोटा बल्ब करड्या वायरीवर घेतला, एलईडी मुद्दाम टाळला. जुन्या डिमरवर एलईडी नीट मंद होत नाही आणि रात्री तो एकटाच डोळ्यांत खुपला असता.

सेंडर मी दोन टर्मिनलचा घेतला. एकावर ‘जी’, ती मीटरची. दुसऱ्यावर ‘डब्ल्यूके’, ती जुन्या दिव्याची. म्हणजे काटाही आणि दिवाही. दिवा काढून टाकणं मला कधीच मान्य नव्हतं, कारण रस्त्यावर नजर असताना काट्याकडे लक्ष जाईलच असं नाही. हेडच्या मागच्या बाजूला, जिथे मूळ स्विच होता, तिथे आट्यांचं अडॅप्टर लावून तो बसवला. तांब्याचं नवं वॉशर घातलं. टेफ्लॉन टेप लावली नाही, कारण या सेंडरला अर्थ त्या आट्यांतूनच मिळते. वायर फायरवॉलमधून रबरी ग्रोमेट घालून, एक्झॉस्टपासून लांबून आणली.

आणि मग गाडी चालू केली.

काटा उठला आणि दोनच्या जरासा वर जाऊन थांबला. थंड इंजिन, घट्ट तेल, आणि जेमतेम दोन बार! मी स्वतःला समजावलं की गरम होऊ दे. गरम झाल्यावर आयडलला काटा अर्ध्याच्या जवळ आला. तीन हजार आरपीएमला पुन्हा दोनच्या आत. मी चावी बंद केली आणि बराच वेळ तसाच स्टिअरिंग धरून बसलो. मला तुझी ती हिरवी तार आठवत होती. बेअरिंग गेली का? जादा दाब सोडून देणारा रिलीफ व्हॉल्व्ह उघडा अडकला का? पंपाची चेन ढिली? त्या रात्री मला झोप लागली नाही. गाडीपेक्षा जास्त हे डोक्यात होतं की हे तुला कसं सांगायचं.

सकाळी मल्टिमीटर लावला. इंजिन बंद असताना सेंडर ते बॉडी विजेचा रोध १० ओहमच्या आसपास यायला हवा. तेवढाच आला. म्हणजे अर्थ ठीक, सेंडर ठीक, आणि दोष इंजिनाचाच. ऑइल पॅन खाली घ्यायचं मी मनाशी जवळजवळ ठरवलं होतं.

मग तुझा यांत्रिक मीटर आठवला. गेल्या वेळी तू विसरून गेलास तो, काळ्या रबरी नळीचा. सेंडर काढून त्या जागी तो जोडला, मीटर वायपरजवळ टेकवून ठेवला आणि चालू केलं. काटा सरळ चारच्या पुढे! गरम करून पुन्हा बघितलं. आयडलला एकच्या वर, तीन हजारला चारला टेकलेला. मी इंजिन बंद करून पुन्हा चालू केलं, पुन्हा तेच. तुझी बेअरिंग ठणठणीत आहेत, मित्रा. हे वाक्य लिहिताना आत्ताही माझा जीव भांड्यात पडतोय.

मग सेंडर हातात घेतला, चिंधीने तेल पुसलं आणि उजेडात फिरवून बघितला. कडेवर ठोकलेलं होतं: १० बार. माझा मीटर ५ बारचा! खोक्यावर ५ लिहिलेलं, आत भरताना अदलाबदल झालेली. आणि माझ्या मल्टिमीटरला ते का सापडलं नाही, हेही तेव्हा लक्षात आलं. दोन्ही सेंडर शून्य दाबाला सुमारे १० ओहम दाखवतात आणि आपापल्या कमाल दाबाला सुमारे १८०. एकाची कमाल ५, दुसऱ्याची १०. म्हणून शून्यावर दोघांत काहीच फरक नाही, आणि वर मात्र सगळं जवळजवळ निम्मं. मी फक्त शून्य तपासलं होतं. अमेरिकन पद्धतीचा २४० ते ३३ ओहमचा सेंडर चुकून आला असता तर तो पहिल्याच तपासणीत पकडला गेला असता. हा मात्र बरोबर खऱ्यासारखा खोटं बोलत होता.

बदलून घेतला. आता थंड असताना काटा चारच्या पुढे, गरम आयडलला एकच्या वर, आणि तुझ्या मीटरशी तीन वेगवेगळ्या आरपीएमला ताडून पाहिला. नजरेला फरक दिसत नाही. आकडे तारीख घालून वहीत लिहून ठेवले आहेत. पुढे तेल बदलल्यावर त्यांच्याशीच पडताळायचं.

तुझा मीटर पुसून, नळीची टोकं बंद करून डब्यात ठेवला आहे. घ्यायला तूच ये, कुरिअर करणार नाही. आलास की चावी तू फिरव आणि सुरुवातीचे दोन सेकंद खाली कन्सोलकडे बघ. काटा शून्यावरून उठतो, अर्ध्याच्या रेघेवरून जातो, आणि नेमका त्याच क्षणी वरचा दिवा विझतो. काल मी ते सात-आठ वेळा बघितलं.

घरी सगळ्यांना नमस्कार. पत्राचं उत्तर पत्रानेच दे.

तुझाच,
मित्र