हिशेब तपासायला आलात आणि मला प्रश्न देऊन गेलात

आदरणीय काका,

सप्रेम नमस्कार.

हे पत्र मुद्दाम खुलं लिहितो आहे. तुमच्याकडून मला जे मिळालं, ते माणसं हाताशी घेऊन धंदा करणाऱ्या आणखी कुणाच्या तरी उपयोगी पडेल असं मनापासून वाटतं.

आमच्या छापखान्याची वर्षअखेरीची तपासणी चालू होती. ओव्हरटाइमच्या रजिस्टरवर तुमची पेन्सिल एका ओळीपाशी थांबली. बाइंडिंगमधल्या एका बाईंच्या नावापुढे सलग सहा आठवडे रोज दोन-अडीच तास जादा. ‘हिशेब चोख आहे,’ तुम्ही म्हणालात, ‘पण यांना रोज एवढं थांबावं का लागतं?’ मी म्हटलं, काम वाढलंय. तुम्ही शांतपणे म्हणालात, ‘त्यांना विचारलंस?’

नव्हतं विचारलं. दुसऱ्या दिवशी मशीनपाशी गेलो. घडीयंत्राचा रोलर झिजला होता, घड्या तिरक्या पडत होत्या आणि त्या बाई एकेक फर्मा, म्हणजे पानं छापलेला मोठा कागद, उलगडून हाताने पुन्हा घडी घालत होत्या. त्यांचा अंगठा कागदाच्या कडेने चिरला होता, त्यावर चिकटपट्टी गुंडाळलेली. सुपरवायझरला त्यांनी दोनदा सांगितलं होतं. तो माझ्यापर्यंत आला नाही, कारण डिलिव्हरीची मुदत दोन दिवस अलीकडे मीच आणली होती, आणि मशीन बंद ठेवायचं नाव काढलं की मी चिडतो हे त्याला ठाऊक होतं. रोलर बदलायला अर्धा दिवस लागला. सहा आठवडे आणि अर्धा दिवस, हे गणित अजून माझ्या डोक्यातून जात नाही.

पुढच्या भेटीत तुम्ही एक कोरी वही माझ्यापुढे ठेवलीत. दर शनिवारी काम आटोपलं की तीन प्रश्न. या आठवड्यात कुणाचं ऐकून न घेता निर्णय घेतला? कुणाचं काम माझ्यामुळे अवघड झालं? कोणती वाईट बातमी माझ्यापर्यंत उशिरा पोचली? आणि एक अट: उत्तरात माणसाचं नाव हवं. ‘स्टाफ’, ‘लोक’, ‘मंडळी’ असलं काही चालणार नाही. काका, खरी किमया त्या अटीत आहे. ‘स्टाफवर ताण आला’ असं लिहून माणूस निवांत झोपतो. नाव लिहिलं की त्या माणसाचा चेहरा समोर येतो आणि सोमवारी त्याच्याशी बोलावंच लागतं.

तिसऱ्या प्रश्नाने मला सर्वांत जास्त शिकवलं. टोयोटाच्या कारखान्यात दोष दिसला की कामगार दोरी ओढून मदत मागतो, वेळेत सुटला नाही तर लाइन थांबते, हे मी वाचलं होतं. पण दोरी ओढल्यावर साहेब डाफरणार असेल तर ती ओढणार कोण? तिथे ‘हान्सेई’ म्हणजे आत्मपरीक्षण काम यशस्वी झाल्यावरही करतात, हे तुम्ही सांगितलंत. म्हणून ऑर्डर वेळेत गेली त्या शनिवारीही मी वही उघडतो. वेळ पाळण्यासाठी कोण खपलं, हे त्याच दिवशी कळतं.

व्यवस्थापनतज्ज्ञ पीटर ड्रकर यांची पद्धतही तुमच्याकडूनच शिकलो. महत्त्वाचा निर्णय घेताना काय होईल असं वाटतं ते लिहून ठेवायचं आणि ९ ते १२ महिन्यांनी प्रत्यक्षाशी ताडून बघायचं. सकाळची पाळी तासभर आधी आणली तेव्हा मी लिहिलं होतं, ‘सगळे लवकर घरी जातील, खूश होतील.’ दहा महिन्यांनी ते पान काढलं. तोवर तिघांनी काम सोडलं होतं. त्यातल्या दोघांची मुलं लहान, सकाळी त्यांना सोडायला घरात दुसरं कुणी नाही. ते पान नसतं तर ‘हल्ली माणसं टिकत नाहीत’ असं म्हणून मी मोकळा झालो असतो आणि ते मला खरंही वाटलं असतं. पाळी पुन्हा जुन्या वेळेवर आणली. गेलेल्यांपैकी एक जण परत आला.

एका बाबतीत मात्र मी तुमचं ऐकलं नाही. वही स्वतःपुरती ठेव, असं तुमचं म्हणणं होतं. पण एकट्याने बसलं की मन स्वतःला सांभाळून घेतं, हे माझ्या लक्षात आलं. म्हणून तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर मी सोमवारी सगळ्यांसमोर वाचतो. सांगणाऱ्याचं नाव त्याला विचारूनच घेतो, आणि पगारवाढीशी या वहीचा काही संबंध ठेवत नाही. सुरुवातीचे कित्येक सोमवार कुणी बोललं नाही. मग एकदा कटिंगवाल्याने मला मध्येच थांबवलं, ‘साहेब, हे असं नव्हतं झालं.’ त्या दिवशी मला फार बरं वाटलं.

पहिली वही भरली, दुसरी सुरू केली आहे. बाइंडिंगच्या त्या बाई आता नव्या मुलींना काम शिकवतात. हे पत्र लिहितोय असं त्यांना सांगितलं, तुमच्या पेन्सिलीची गोष्टही सांगितली. जरा वेळ त्या गप्प राहिल्या, मग म्हणाल्या, ‘त्यांना माझाही नमस्कार कळवा.’

तो इथे कळवतो.

आपला ऋणी,
छापखान्यातला तुमचा विद्यार्थी