आरोग्यदायी आहाराचा अट्टहास वेळीच ओळखावा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या आरोग्य पुरवणीत वजन कसे घटवावे, साखर कशी सोडावी, यांवर नेहमी उपयुक्त लेख येतात. परंतु शुद्ध आणि पौष्टिकच खाण्याच्या ध्यासामुळे आजारी पडणाऱ्यांविषयी फारसे वाचायला मिळत नाही. अमेरिकी डॉक्टर स्टीव्हन ब्रॅटमन यांनी १९९७ मध्ये या अवस्थेला 'ऑर्थोरेक्सिया' हे नाव दिले. मानसोपचारातील प्रचलित निदानसूचीत तिची स्वतंत्र नोंद नसल्याने ती सहज नजरेआड होते.

आहारतज्ज्ञ म्हणून मला दिसते ते असे, की आधी साखर सुटते, मग मैदा, दूध, भात, आणि अखेरीस ताटात मोजकेच पदार्थ उरतात. घरचे याला शिस्त म्हणून वाखाणतात, ही मला सर्वांत घातक गोष्ट वाटते. आपल्याकडे उपवासाची परंपरा आहे, पण उपवास पारण्याने सुटतो. इथे प्रत्येक वर्ज्य पदार्थ कायमचा जातो आणि सणाला पुरणपोळीचा एक घास खाल्ला तरी पुढचे कित्येक दिवस अपराधी वाटत राहते. लग्नकार्याला जाणे टाळले जाते, दिवसाचा मोठा भाग जेवणाच्याच विचारात जातो. वजन उतरते, मुलींची पाळी थांबते, आणि शाकाहारी व्यक्तीने दूध-दहीही सोडले तर बी-१२ जीवनसत्त्वाची कमतरता ओढवते. मधुमेहाचे पथ्य किंवा श्रद्धेने पाळलेले व्रत म्हणजे हा आजार नव्हे. खाण्याच्या नियमांपायी शरीर, मन किंवा नातीगोती यांचे नुकसान होऊ लागले, की मात्र तो संशय घ्यावा.

उपचारांत प्रथम रक्ततपासणी करून कुपोषण भरून काढावे लागते. त्याच्या जोडीने मानसोपचारतज्ज्ञ विचार व वर्तन बदलण्याची उपचारपद्धती वापरतात, आणि आहारतज्ज्ञ कमीत कमी भीती वाटणाऱ्या पदार्थापासून सुरुवात करून एकेक पदार्थ ताटात परत आणतात. चिंता किंवा नैराश्य तीव्र असेल तर औषधेही द्यावी लागतात. घरच्यांनी ताटावर वाद घालू नये आणि कौतुकही करू नये.

आपल्या पुरवणीतील आहारविषयक लेखांसोबत या लक्षणांची चौकट आणि 'टेली-मानस' या मानसिक आरोग्यासाठीच्या सरकारी दूरध्वनी सेवेचा १४४१६ हा निःशुल्क क्रमांक छापावा, ही विनंती. तेथे मराठीतूनही बोलता येते.

आपली,
एक आहारतज्ज्ञ वाचक, नाशिक