तक्त्यावरची अक्षरं आणि रोजचं जगणं

मधुमेहामुळे डोळ्यांच्या पडद्यावर होणाऱ्या परिणामांबद्दलचा आपल्या पेपरमधला लेख वाचला, माहिती चांगलीच आहे पण सगळा भर तपासणी, लेझर आणि इंजेक्शनवर, पेशंटचं रोजचं जगणं किती बदललं हे मोजायचं कसं ते राहूनच गेलं. डोळे तपासायचा अक्षरांचा तक्ता डच नेत्रतज्ज्ञ स्नेलन यांनी १८६२ साली आणला, तो नजर मोजतो, बाकी काही नाही. माझी आई तक्त्यावरच्या बऱ्याच ओळी वाचते, रिपोर्ट 'स्थिर', पण इन्सुलिनच्या सिरिंजवरच्या बारीक रेघा दिसत नाहीत म्हणून रोज कोणाला तरी हाक मारते, संध्याकाळनंतर जिना उतरायला घाबरते, आणि हे कुठल्याच फाईलमध्ये नाही! मोजायची सोय नाही असंही नाही. अमेरिकेच्या नॅशनल आय इन्स्टिट्यूटची २५ प्रश्नांची प्रश्नावली आहे, वाचन, गाडी चालवणं, दुसऱ्यावर अवलंबून राहणं, मनावरचा ताण असं सगळं विचारून ० ते १०० गुण देते. संशोधनात ती सर्रास वापरतात, मग साध्या तपासणीत का नको? पडदा तपासण्यासाठी डोळ्यांत ड्रॉप्स टाकल्यावर बाहुली मोठी होईपर्यंत पेशंट बसूनच असतो, तेवढ्या वेळात हे प्रश्न विचारून होतील.

– एक वाचक