खेळाडूंचं म्हणणं आत पोचवताना

प्रिय मित्रा,

तुझं पत्र मिळालं. गेम स्टुडिओत कम्युनिटी मॅनेजरची जागा चालून आली आहे आणि तू विचारतोस, "दिवसभर खेळाडूंशी गप्पा मारायच्या आणि स्ट्रीमर मंडळींना खूश ठेवायचं, एवढंच ना?" एवढंच असतं तर मी एका ओळीत कळवलं असतं. पण या कामावर माझा जीव आहे, म्हणून सविस्तर लिहितो.

लोकांना दिसतो तो या कामाचा लहानसा भाग: घोषणा, पॅच नोट्स (गेममध्ये केलेल्या बदलांची यादी), प्रश्नांना उत्तरं. खरं काम स्टुडिओच्या आत चालतं. खेळाडू जे बोलतात ते डिझायनर आणि प्रोग्रामरपर्यंत असं पोचवायचं, की त्यावर काहीतरी घडेल. कस लागतो तो इथे.

समज, गेममधल्या एका बॉसवरून, म्हणजे टप्प्याच्या शेवटी येणाऱ्या बलाढ्य शत्रूवरून, शंभरजण ओरडतायत, "हा बॉस फालतू आहे, त्याची ताकद निम्मी करा." ही मागणी जशीच्या तशी पुढे ढकललीस तर डिझायनर वैतागेल, आणि त्याचं चूक नसेल. आधी तू विचारायला हवंस: नेमके कुठल्या हल्ल्याला मरता? कंट्रोलरवर खेळता की कीबोर्डवर? पहिल्यांदा खेळताय का? मग कळतं की बॉसच्या ताकदीबद्दल कुणाची तक्रारच नाही. कॅमेरा भिंतीला अडतो आणि हल्ल्याची आधीची खूण दिसतच नाही. दुरुस्ती कॅमेऱ्याची हवी. कुठे खुपतंय हे खेळाडू अचूक सांगतो, त्याच्या त्या शब्दावर पूर्ण विश्वास ठेव. त्याने सुचवलेला उपाय मात्र तपासून घे.

आकड्यांचंही तसंच. बहुतेकजण अमुक टप्प्यावर खेळ सोडतात हे सर्व्हरवरची नोंद सांगेल, का सोडतात ते सांगणार नाही. ते 'का' शोधून आणणं तुझ्याकडे. आणि हे कायम लक्षात ठेव, की लिहिणारे थोडे असतात. नवखा खेळाडू तक्रार करत नाही, तो गेम काढून टाकतो. ज्यांना गेम बनवणाऱ्या संघाची भाषा येत नाही, त्यांचं म्हणणं तर वाटेतच हरवतं. दर आठवड्याच्या अहवालात मी कोण बोलतंय हे आधी लिहितो, मग काय बोलतंय ते. दोन-चार तक्रारी मूळ शब्दांत ठेवतो, रागासकट. राग गाळून पाठवलेला अहवाल वाचायला बरा वाटतो, पण त्याने आत कुणी हलत नाही.

आतलं ऐकणं कमी पडलं की बाहेर काय होतं, ते नोव्हेंबर २०१७ मध्ये सगळ्यांनी पाहिलं. 'स्टार वॉर्स बॅटलफ्रंट २' मध्ये डार्थ व्हेडरसारखं पात्र मिळवायला ६०,००० क्रेडिट, म्हणजे गेममधलं चलन, लागत होते. त्यावर गेम काढणाऱ्या ईए कंपनीच्या अधिकृत खात्यावरून रेडिट या चर्चेच्या साइटवर उत्तर आलं, की पात्र मिळवल्याचा अभिमान आणि काही साध्य केल्याची भावना खेळाडूंना मिळावी हा यामागचा हेतू आहे. त्या उत्तराविरुद्ध सहा लाखांहून जास्त मतं पडली. मग किंमत ७५ टक्क्यांनी उतरवली, आणि गेम बाजारात येण्याच्या तोंडावर गेममध्ये पैसे देऊन खरेदी करण्याची सोयही थांबवली. शब्द कितीही गोड निवडले असते तरी तो राग शमला नसता. दुखणं किमतीत होतं, आणि किंमत ठरते आत.

आता क्रिएटर, म्हणजे गेमवर व्हिडिओ करणारे आणि खेळ थेट दाखवणारे स्ट्रीमर. त्यांच्याबद्दल तुझ्या मनात जो 'खूश ठेवायचं' हा शब्द आहे, तो काढून टाक. त्यांना हवं असतं ते साधं आहे: वेळेवर मिळालेली की (गेम सुरू करायचा कोड), न कोसळणारा बिल्ड (गेमची चालती आवृत्ती), एम्बार्गो (ठरलेल्या वेळेआधी काही न दाखवण्याचं बंधन) नेमका कधी उठणार ते, आणि अडलं तर उत्तर देणारा एक माणूस. बाकी, गेम आवडला नाही तर तसं म्हणायची मोकळीक. ती काढून घेतली की काय होतं? 'शॅडो ऑफ मॉर्डॉर' या गेमच्या २०१४ मधल्या प्रचारासाठी क्रिएटरना पैसे दिले गेले, गेमबद्दल चांगलंच बोलायचं आणि बग दाखवायचे नाहीत अशा अटी होत्या, आणि पैसे घेतल्याचं प्रेक्षकांना धड सांगितलंच गेलं नाही. अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने त्यावर कारवाई केली, आणि २०१६ मध्ये गेम काढणाऱ्या वॉर्नर ब्रदर्सला तडजोड करावी लागली. पैसे दिले असतील तर ते व्हिडिओच्या सुरुवातीलाच, स्पष्ट सांगायला लाव. यात सवलत नाही.

उलट 'अमंग अस' बघ. २०१८ मध्ये आलेला गेम दोन वर्षं फारसा कुणाच्या नजरेत नव्हता. २०२० मध्ये स्ट्रीमर तो आपसांत खेळायला लागले आणि जगभर पसरला. इवल्याशा संघाने त्या ऑगस्टमध्ये दुसरा भाग जाहीर केला होता. सप्टेंबरमध्ये तो रद्द करून आहे तोच गेम सुधारायचं ठरवलं, कारण माणसं तिथे होती. मला हा निर्णय फार मोलाचा वाटतो.

पण क्रिएटर म्हणजे सगळे खेळाडू नव्हेत. तो रोज तासन्‌तास खेळतो, म्हणून त्याला कंटाळाही आधी येतो आणि असमतोलही आधी दिसतो. त्याचा इशारा गांभीर्याने घे, पण दुसऱ्यांनाही विचार. मोठ्या क्रिएटरचा व्हिडिओ आला की तासाभरात तेच वाक्य दोनशे तोंडांतून ऐकू येतं. ते दोनशे अनुभव आहेत की एकाच अनुभवाचे पडसाद, हे ओळखणं तुझं काम. आणि लहान क्रिएटरना विसरू नकोस. एकाच शस्त्रावर वर्षभर व्हिडिओ करणाऱ्याला त्या शस्त्राचं जे कळतं, ते कधी कधी ते बनवणाऱ्यालाही कळत नाही.

काही स्टुडिओंनी ऐकण्याची रीतसर व्यवस्था केली आहे. 'ओल्ड स्कूल रुनस्केप'मध्ये २०१३ पासून मोठे बदल खेळाडूंच्या मतदानाला जातात. आधी ७५ टक्के होकार लागायचा, नंतर तो ७० वर आणला. 'ईव्ह ऑनलाइन'चे खेळाडू २००८ पासून आपले प्रतिनिधी निवडून देतात, आणि ते आइसलँडला जाऊन स्टुडिओशी समोरासमोर बोलतात. प्रत्येक गेमला हे जमणार नाही. पण ऐकून घेतल्यावर 'नाही' म्हणायचं असेल, तर कारण सांगून म्हणता येतंच. तारखा मात्र कबूल करू नकोस, तुझ्या हातात नसतात.

शिव्या पडतील, कधी धमक्याही. हे कामाचा भाग म्हणून गिळू नकोस. खेळाडूंच्या चर्चेवर लक्ष ठेवणाऱ्या तुझ्या मॉडरेटरनाही गिळायला लावू नकोस.

म्हणून मुलाखतीत दोन गोष्टी विचार. मोठा बदल ठरतो तेव्हा कम्युनिटी मॅनेजर त्या बैठकीत असतो का, की ठरल्यावर त्याला घोषणा लिहायला बोलावतात? आणि धमकी आली तर तिची तक्रार कुणाकडे करायची, रजा कोण देतं? होकार कळवण्याआधी त्या गेमच्या वर्षभराच्या पॅच नोट्स वाच, त्याच काळातल्या खेळाडूंच्या तक्रारी शेजारी ठेव, आणि काय सापडलं ते मला लिही.

तुझाच,
जुना मित्र